मार्थामावशीच्या लग्नातला अडसर

रोममध्ये शिकायला गेले तेव्हा पहिल्याच तासाला आमच्या प्राध्यापकांनी एकेकाला उभं करून विचारलं, की जगात इतके विषय पडलेले असताना तुम्ही चर्चच्या कायद्याकडे, म्हणजे कॅनन लॉकडे, का वळलात? कोणी म्हणालं सत्याचा शोध. कोणी म्हणालं बिशपांची आज्ञा. मी म्हणाले, न्यायाची ओढ. साफ थाप होती ती. पुढे सारी उमेदीची वर्षं मी त्या विषयात घालवली, दोन पुस्तकं लिहिली, चर्चच्या विवाह-न्यायालयात न्यायाधीश म्हणून बसले, आणि कोणी विचारलं की तीच थाप ठोकत आले. आता गुडघे गेले, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, आणि थापा मारण्यातही पहिल्यासारखी गंमत राहिली नाही. खरं कारण होती माझी मार्थामावशी आणि ढाणकीचा एक मेकॅनिक. तेवढं एकदा लिहून टाकते, म्हणजे माझ्यामागे कोणी माझ्यावर गौरव-लेख लिहिला तर त्यात न्यायाची ओढ घालणार नाही.

महागावहून पुसदला जाताना फाट्यावर उतरलं की आत मैलभर आमचं गाव. तिथे मिशनचं टिनाचं चर्च, दवाखाना, चौथीपर्यंतची शाळा, एक विहीर आणि मागे आमची दोन खोल्यांची क्वार्टर. बाबा मिशनचे प्रचारक. फादर नसतील त्या रविवारी प्रार्थना घ्यायची, लोकांना धर्मशिक्षण द्यायचं आणि उरलेला आठवडा सायकल हाणत गावोगाव फिरायचं, हे त्यांचं काम. आई दवाखान्यात नर्स, तिच्या ड्यूटीला दिवस नाही की सण नाही. घर चालायचं ते आईच्या धाकट्या बहिणीवर. मी चार वर्षांची असताना मार्थामावशी 'पंधरा दिवसांसाठी' म्हणून आमच्याकडे आली होती, आणि मी सोळा वर्षांची झाले तरी ते पंधरा दिवस संपले नव्हते. सकाळी मला जाग यायची ती तिच्या भाकरीच्या थापांनी. थापता थापता ती स्तोत्रं म्हणायची, तीही घसा फाडून, आणि सूर तिला देवाने दिलाच नव्हता. पलीकडच्या खोलीत बाबा गंभीरपणे सकाळची प्रार्थना करत असायचे, पण थोड्याच वेळात त्यांची प्रार्थना भाकरीच्या तालावर चालू व्हायची आणि ते चिडून ओरडायचे, "मार्था, देवाले ऐकू येते वं!" मावशी म्हणायची, "तुमचं येते का मंग भाऊजी?" हिवाळ्यात तिचे हात कायम हिरवे असायचे. तुरीच्या शेंगा सोलून सोलून नखं हिरवी, आणि घरभर सोले-वांग्याच्या भाजीचा वास. खलबत्त्यात ठेचा कुटला की दवाखान्यातल्या पेशंटांना शिंका यायच्या, असं आई म्हणायची.

त्या वर्षी मला टायफॉइड झाला आणि पुसदच्या होस्टेलमधून मला घरी आणलं. वर्ष वाया गेलं. एकवीस दिवस मावशीने मला भाताची पेज पाजली आणि माझे गळून गेलेले केस एका डब्यात जपून ठेवले, कशासाठी ते तिलाच ठाऊक. उठून बसायला लागले तेव्हा आमच्या फादर लोबोंनी मला एक काम दिलं. मंगळूरकडचे, साठीला आलेले, भले गृहस्थ. दहा गावं एकट्याने सांभाळायचे आणि आठवड्यातले चार दिवस मोटरसायकलवर असायचे. त्यांच्या गैरहजेरीत वाळवीने चर्चच्या रजिस्टरांवर हात मारला होता. माझं अक्षर बरं म्हणून बाप्तिस्म्याची आणि लग्नांची सगळी नोंद नव्या वह्यांत उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं. वाळवीने फादरांचं इंग्रजीतलं जाडजूड कायद्याचं पुस्तकही चाखून पाहिलं होतं, पण पुठ्ठ्यापलीकडे ते तिला पचलं नसावं. मी ते डिक्शनरी घेऊन वाचायला लागले. कोणाचं लग्न कोणाशी होऊ शकतं आणि कोणाशी नाही, यावर त्यात पानंच्या पानं होती, आणि सोळाव्या वर्षी याहून रंजक वाचन दुसरं काय असणार? नवऱ्याचा खून करून त्याच खुनातल्या साथीदाराशी लग्न लावता येत नाही, हे मी स्वयंपाकघरात मोठ्याने जाहीर केलं तेव्हा आई म्हणाली, "पोट्टीचा टायफॉइड डोक्यात चढला वाटते." मावशी तेवढी मन लावून ऐकायची. "मंग?" म्हणायची. "आन् नुसता मारून टाकाचा इचार केला असन तं?"

मावशीचं स्वतःचं लग्न मात्र जमत नव्हतं. आम्ही कॅथलिक त्या भागात मूठभर, आणि त्या मुठीत सगळेच एकमेकांचे कोणी ना कोणी. तेहेतिसावं लागलं तेव्हा तिने स्वतःच विषय बंद केला. आणि मग मिशनच्या विहिरीतली मोटार जळाली आणि ढाणकीहून शमुवेल आला. तोही ख्रिस्तीच, पण दुसऱ्या मंडळीचा. त्यांच्याकडे लहानपणी बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस मोठा झाला, त्याचा त्याला विश्वास पटला, की नदीत नेऊन अख्खा बुडवून काढतात. शमुवेलचा विश्वास पटलेला होता, पण त्याला पाण्याची भयंकर भीती. दर वर्षी नदीवर जायची वेळ आली की त्याला ताप यायचा, नाहीतर केस्तुड व्हायचं. आजोबा धर्मोपदेशक, आईबाप भक्तिमान, आणि हा पस्तिशीचा झाला तरी बाप्तिस्म्याविना. विहिरीतल्या मोटारी दुरुस्त करणारा हा माणूस विहिरीत उतरायचा नाही. "मोटार वर आनून द्या, मंग पाह्यतो," असं सांगून काठापासून दहा हात लांब बसायचा. दोन तासांचं ते काम त्याने चार दिवस पुरवलं. चारही दिवस आमच्याकडे जेवला. पाचव्या दिवशी मोटार चालू होती तरी तो आला, आणि मावशीने काही न विचारता ताट वाढलं.

फादर म्हणाले, आधी बाप्तिस्मा, मग लग्न. आमच्याकडे डोक्यावर तीनदा पाणी ओततात, बस. शमुवेलने तीन वेळा खात्री करून घेतली, की पाणी एवढंच ना, आणि नाकात जात नाही ना. बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या पाठीशी एक धर्मपिता किंवा धर्ममाता उभी राहावी लागते, खांद्यावर हात ठेवून. त्यासाठी पुसदचे आमचे एक काका येणार होते. त्या दिवशी एस. टी. कुठेतरी बंद पडली. बाबा फाट्यावर काकांची वाट पाहत उभे, आई दवाखान्यात बाळंतपणात अडकलेली, आणि फादरांना अकराच्या आत दुसऱ्या गावी मयतीला पोचायचं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "कोणीतरी उभं राहा रे बाबांनो." मी पुढे होईपर्यंत मावशीचा हात शमुवेलच्या खांद्यावर पडलाही होता. त्याचे पाय इतके लटपटत होते, की कोणीतरी धरणं गरजेचंच होतं. पाणी पडलं तेव्हा त्याने डोळे गच्च मिटले आणि मावशीने त्याचा खांदा दाबला. फादर किक मारून निघून गेले. मी नव्या रजिस्टरात माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं: धर्ममाता, मार्था.

लग्न ठरलं की आमच्याकडे तीन रविवार चर्चमध्ये त्याची पुकार होते. अमक्याचा मुलगा, अमक्याची मुलगी, यांच्या लग्नाला काही अडसर कोणाला ठाऊक असेल तर त्याने तो कळवावा. कोणी कधी काही कळवत नाही. दुसरा रविवार झाला आणि त्याच आठवड्यात, शुक्रवारी, मी पुस्तकातल्या आध्यात्मिक नात्याच्या प्रकरणापर्यंत पोचले. धर्ममाता ही बाप्तिस्मा घेणाऱ्याची आध्यात्मिक आई होते, आणि त्या दोघांचं लग्न लावलं तर ते लग्नच नव्हे. मी ते वाक्य चार वेळा वाचलं. शनिवारी फादर घरी होते, मी त्यांना जाऊन हळूच सांगू शकले असते. नाही सांगितलं. रविवारी तिसरी पुकार झाली, फादर पान उलटणार, तेवढ्यात मी बायकांच्या बाजूने उठून उभी राहिले.

"फादर, अडसर आहे," मी म्हणाले. "शमुवेलभाऊचं लग्न मावशीशी होऊ शकत नाही. ती त्याची आई आहे."

चर्चमध्ये एवढी शांतता मी नंतर फक्त पोपच्या दफनविधीला पाहिली. मग मागच्या चटईवरून एक म्हातारी म्हणाली, "बाप्पा! कवा झालं वं हे?" आणि पुरुषांच्या बाजूला शमुवेल ताडकन उभा राहिला. "फादर," तो घाबराघुबरा होऊन म्हणाला, "मी तिच्याहून दोन वर्षानं मोठा आहो!"

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर फादरांनी ते पुस्तक स्वतः उघडलं, चष्मा वर-खाली केला, आणि खुर्चीत बसले. "मास्तर," ते बाबांना म्हणाले, "चूक माझी आहे. मीच मार्थाला उभी राहू दिली." लग्नाला आठ दिवस होते. पुढच्या सोमवारचा मांडव ठरलेला, ढाणकीला पाहुण्यांना निरोप गेलेले. फादरांनी त्याच दुपारी बिशपसाहेबांच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, की सूट मिळावी, आणि पत्र घेऊन निघणारा माणूस एस. टी.त बसवून दिला. उत्तर पोस्टाने येणार होतं. दौऱ्यावर निघताना मला म्हणाले, "पत्र आलं तर माझी वाट बघू नको. उघड, वाच आणि मावशीला लगेच सांग. इंग्रजी दुसऱ्या कोणाला येतं इथे?"

त्या आठवड्यात आमच्या घराला आलेली प्रसिद्धी मोठमोठ्या लोकांच्या नशिबी नसते. लोक विहिरीवर पाण्याला येण्याच्या निमित्ताने मावशीकडे बघून जायचे. ढाणकीहून निरोप आला, की आमच्याकडे नदीत बुडवला असता तर ही भानगड झाली नसती, आमची नदी कोणाची आई होत नाही. शेजारच्या जुबेदाखाला, त्यांचे मिस्टर फाट्यावर शिलाई मशीन चालवायचे, त्या तर कमरेवर हात ठेवून दारातच उभ्या राहिल्या. "दूध का रिश्ता तो हम भी मानते, बाई. जिसका दूध पिया वो माँ, उससे निकाह नहीं," त्या मला म्हणाल्या. "मगर ये पानी का रिश्ता कब से निकला? खाली कंधे पे हाथ रखे सो माँ बन गई?" मी त्यांना कायदा समजावून सांगायला लागले. "चूप बैठ," खाला म्हणाल्या. "बडी आई काजी." बाबा माझ्याशी बोलत नव्हते. आई बोलत होती, ते नसती बोलली तर बरं, असं.

मावशी मात्र मला एक शब्द बोलली नाही. भाकरी थापायची, पण मुक्याने. बाबांची प्रार्थना आता व्यवस्थित ऐकू यायची आणि ती ऐकवत नव्हती. मंगळवारी वांगी चिरता चिरता तिने एवढंच विचारलं, "लुशे, त्या पुस्तकात सूट भेटते असं लिवलं हाय का?"

"भेटते," मी म्हणाले. "पन बिशपच्या मनावर हाय."

हे खोटं नव्हतं. पण अशी सूट अगदी सहज मिळते, मागितली की मिळते, हेही पुढच्याच पानांवर लिहिलं होतं, आणि ते मी वाचलं होतं. आज माझ्यापुढे एखादा साक्षीदार अर्धंच सांगतो तेव्हा मला ते त्याच्या मानेवरून कळतं, कारण त्या दिवशी माझी मान कशी झाली होती ते मला आठवतं. देवाच्या कायद्याची मला काडीची पर्वा नव्हती. मावशी ढाणकीला जाणार होती. मी आजारातून उठलेली, आई ड्यूटीवर, बाबा सायकलवर, आणि त्या दोन खोल्यांत सकाळी कोणी बेसूर गाणार नाही, हे मला सहनच होत नव्हतं. मला ती जायला नको होती. एवढं साधं वाक्य मला बोलता येईना, म्हणून मी चर्चच्या कायद्याचा आधार घेतला. पुढे मोठमोठे विद्वान हेच करताना मी पाहिले.

गुरुवारी दुपारी पोस्टमनने फाटकाशी सायकल थांबवून पाकीट माझ्या हातात दिलं. मी ते चर्चच्या मागे जाऊन फोडलं. चार ओळी होत्या. रोमने चर्चचा नवा कायदा लागू केला आहे, त्यातून हा अडसर काढून टाकण्यात आला आहे, तेव्हा सूट देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. लग्न लावावं. खाली जरा तिरकसपणे लिहिलं होतं, की नव्या कायद्याची प्रत सर्व फादरांना पाठवली होती, ती कृपया वाचावी. (ती प्रत पुढे फादरांच्या कपाटात बांधलेल्या गठ्ठ्यातच सापडली. पूर्वेकडच्या परंपरेतल्या कॅथलिक मंडळ्यांत हा अडसर आजही आहे, आणि त्यावर मी एक लांबलचक निबंध लिहिला आहे, जो माझ्याखेरीज तिघांनी वाचला असावा.) मी पत्राची घडी घातली आणि परकराच्या खिशात ठेवली. मनाशी म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी म्हटलं, उद्या सांगू. मावशीच्या शेजारी बसून मी तुरीच्या शेंगा सोलत होते आणि जरा हललं की खिशात कागद वाजायचा. मी पुतळ्यासारखी बसले. मावशी म्हणाली, "काहून वं, अंग दुखते का?" मी मान हलवली. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. तो हिरव्या नखांचा हात कपाळावर आला तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, तरी मी पत्र काढलं नाही.

शुक्रवारी सकाळी शमुवेल आला. चार दिवसांत माणूस वाळला होता. अंगणात तुरीच्या पोत्याशी उभा राहून, बसा म्हटलं तरी न बसता, तो मलाच म्हणाला, "लुसीबाई, चिठ्ठी आली का?"

मी परकराचा खिसा मुठीत धरला.

"नाई आली तं एक इचाराचं होतं," तो म्हणाला. "मी नदीवर जातो. आमच्या मंडळीत बुडी मारतो, पुरी, डोक्यावरून. मंग हे तीन लोट्याचं पानी धुतल्या जाईन का? हिचं माहं आई-पोराचं नातं सुटन का? मी तयार हाव." तो हे बोलत असताना त्याचे गुडघे खरोखरच हलत होते. नदी पाच कोसांवर होती आणि हा माणूस आमच्या अंगणात कोरड्या जमिनीवर उभा राहून तिला घाबरत होता. मावशी उंबऱ्यात आली होती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी त्याआधी फक्त माझ्यासाठी पाहिलं होतं, टायफॉइडच्या दिवसांत.

कायद्याने सांगायचं तर बाप्तिस्मा धुतला जात नाही, एकदा झाला की झाला. पण मी कायदा सांगितला नाही. खिशातून पत्र काढलं आणि वाचायला लागले. इंग्रजी वाक्य वाचायचं, मग मराठीत सांगायचं. "अडसर राह्यला नाई" इथपर्यंत आले तेव्हा शमुवेल मटकन पोत्यावर बसला. "म्हनजे बुडी नाई?" त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि तो हसतोय की रडतोय ते आम्हाला कळेना. मग एकदम उठला, दवाखान्यात आईला सांगायला धावला, वाटेत जुबेदाखालांना सांगितलं, आणि त्यांचं "या अल्ला, अक्कल आई रोमवालों को!" पार आमच्या अंगणापर्यंत ऐकू आलं.

आम्ही दोघीच उरलो. मावशीने पत्र माझ्या हातातून घेतलं. तिला त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं. खिशात राहून राहून घडीवर कागद मऊ पडला होता, त्यावरून तिने बोट फिरवलं.

"काल पोस्टमन आला तवा मी विहिरीवर होती," ती म्हणाली. "पाह्यलं मी."

मी म्हणाले, "मंग मागितलं काहून नाई? फादरचं पत्र कोनीबी माह्यापासून काढून घेतलं असतं. बाबाले सांगतलं असतं तं..."

"कायले सांगू? तुह्यापाशी होतं, तू देशीन म्हनलं."

"आन् नसतं देलं तं?"

मावशीने पत्राची पुन्हा घडी घातली, अगदी होती तशी, आणि ती कमरेला खोचली. "नसतं देलं तं राह्यली असती," ती म्हणाली. "तुले गरज हाय असं समजली असती."

मी तिच्या मांडीत डोकं घालून हमसाहमशी रडले. किती वेळ, माहीत नाही. ती थोपटत राहिली, भाकरी थापते त्याच हाताने. शेवटी माझी हनुवटी धरून तिने मला सरळ बसवलं आणि पदराने माझं नाक पुसलं.

"आजच सारं रडून घे, लुशे," ती म्हणाली. "सोमवारी रडाची बारी माही हाय."